रोजकीर्द, खतावणी आणि क्लाऊड : नोंद शोधण्याच्या शास्त्राचा परिचय

इतिहासाच्या शिक्षकाकडून स्मरणिकेसाठी लेख मागितला जातो, तेव्हा लेणी, सातवाहन किंवा नामांतराचा लढा यांपैकी एखादा विषय अपेक्षित असतो. या वेळी आम्ही मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. संगणकात दर क्षणी जमा होणाऱ्या लक्षावधी नोंदी कशा साठवतात, त्यांतून हवी ती नोंद क्षणात कशी शोधतात आणि हे काम भाड्याने मिळणाऱ्या क्लाऊड सेवेवर कसे चालवतात, याचा हा अभ्यासपाठ आहे. विषय परका वाटेल. पण तो मुळात दप्तराचा विषय आहे आणि दप्तर हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा जुना सोबती आहे.

या विषयाची निकड सांगणे आवश्यक आहे. आज आपल्या मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी, प्रवेशफेरी, परीक्षेचे प्रवेशपत्र हे सारे संगणकातून जाते. ‘अर्ज मिळालाच नाही’ असे उत्तर आले, की खरे काय घडले ते एका ठिकाणी लिहिलेले असते. त्या ठिकाणाला ‘लॉग’ म्हणतात. लॉग वाचता येणारा मनुष्य आपल्यात असणे आणि नसणे यात एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाचे अंतर पडू शकते.

१. रोजकीर्द आणि खतावणी

आपल्याकडील जुन्या हिशेबपद्धतीत दोन वह्या मुख्य. पहिली रोजकीर्द. जे घडले ते घडले त्या क्रमाने, तारीखवार लिहायचे. मागे जाऊन खाडाखोड करायची नाही. दुसरी खतावणी. रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यात उतरवायची. एखाद्याकडे किती येणे आहे हे रोजकीर्दीतून काढायचे तर वर्षभराची पाने उलटावी लागतात. खतावणीत त्याच्या नावाचे पान उघडले की काम झाले. रोजकीर्द काळाच्या क्रमाने असते, खतावणी नावाच्या क्रमाने.

पेशवे दप्तराचे उदाहरण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. कागद त्यापूर्वीही होतेच. पण ते कोणत्या रुमालात आहेत हे ठाऊक नसेल, तर संशोधकाच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे होते. नोंद असणे आणि नोंद सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढील सर्व विवेचन या एका भेदावर उभे आहे.

२. शब्दांची खतावणी

संगणकीय शोधाचे मूळ तंत्र म्हणजे शब्दांची खतावणी. इंग्रजीत तिला उलटी सूची अशा अर्थाचे नाव आहे. समजा, तीन नोंदी आहेत. पहिली : ‘वसतिगृह अर्ज मंजूर’. दुसरी : ‘शिष्यवृत्ती अर्ज नामंजूर’. तिसरी : ‘वसतिगृह शुल्क जमा’. यंत्र प्रत्येक शब्दाचे खाते उघडते. ‘अर्ज’ या खात्यात १ आणि २, ‘वसतिगृह’ या खात्यात १ आणि ३, ‘शिष्यवृत्ती’ या खात्यात २. आता कोणी ‘वसतिगृह अर्ज’ असे विचारले, तर यंत्र तिन्ही नोंदी वाचत बसत नाही. दोन खाती उघडते, दोहोंत समान असलेला क्रमांक १ पाहते आणि ती नोंद पुढे ठेवते. नोंदी तीन असोत की तीन कोटी, खाते उघडण्याचा वेळ फारसा वाढत नाही.

मग प्रश्न येतो क्रमाचा. शेकडो नोंदी सापडल्या तर आधी कोणती दाखवावी? ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक साधा विचार मांडला : जो शब्द सर्वत्र येतो त्याला कमी वजन द्यावे, जो क्वचित येतो त्याला अधिक. ‘अर्ज’ हा शब्द प्रत्येक नोंदीत असेल तर तो काहीच सांगत नाही. ‘नामंजूर’ हा शब्द मोजक्याच नोंदींत असेल तर तोच मोलाचा. आजची शोधयंत्रे वापरतात ती गुणांकनाची सूत्रे याच विचारातून वाढलेली आहेत.

डग कटिंग या अमेरिकी अभियंत्याने १९९९ मध्ये ‘ल्युसीन’ हे शब्दांची खतावणी करणारे सॉफ्टवेअर लिहिले व सर्वांसाठी खुले केले. त्यावर शाय बॅनन यांनी २०१० मध्ये ‘इलॅस्टिकसर्च’ उभे केले. अनेक यंत्रांनी मिळून एकच मोठी खतावणी सांभाळावी, अशी त्याची रचना होती. जगभरच्या संकेतस्थळांवरील शोध आणि कार्यालयांतील लॉग यांचा मोठा भाग आज याच घराण्यातील सॉफ्टवेअरवर चालतो.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे दिले पाहिजे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनेतील संपूर्ण पाली तिपिटक १९९० च्या दशकात देवनागरीसह अनेक लिप्यांत सीडीवर आणले आणि त्यात शब्द शोधण्याची सोय केली. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या त्या संगायनेत संहिता निश्चित झाली होती. शोधाच्या सोयीमुळे ती सामान्य अभ्यासकाच्या हाताशी आली. ‘पटिच्चसमुप्पाद’ हा शब्द कोठे कोठे आला आहे हे पाहण्यासाठी पूर्वी विद्वानाची आयुष्यभराची स्मृती लागे. आता पाली शिकू लागलेला विद्यार्थीही ते पाहू शकतो. शोधाचे साधन सर्वांच्या हाती आले, की ज्ञानावरील मक्तेदारी सैल होते.

३. लॉग : यंत्राची रोजकीर्द

प्रत्येक सर्व्हर आपली रोजकीर्द लिहीत असतो. कोणी पान उघडले, कोणी परवलीचा शब्द चुकवला, कोणती माहिती साठवली गेली, काम कोठे अडले, या प्रत्येक घटनेची एक ओळ. एक कल्पित ओळ पाहू :

‘२३:४१:०७ – विनंती क्रमांक ७४१९ – अर्ज सादर – उत्तर ५०४ – ३० सेकंद’

रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी एका विद्यार्थ्याने अर्ज सादर करण्याचे बटण दाबले. यंत्र ३० सेकंद थांबले आणि ५०४ हे उत्तर देऊन मोकळे झाले. या तीन अंकी संकेतांतील पहिला अंक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २ ने सुरू होणारा संकेत म्हणजे काम झाले. ४ ने सुरू होणारा म्हणजे विनंतीतच काही दोष आहे; पत्ता चुकला, परवानगी नाही, माहिती अपुरी. ५ ने सुरू होणारा म्हणजे विनंती ठीक असूनही सर्व्हरकडून काम झाले नाही. ५०४ चा अर्थ, पुढील यंत्राने वेळेत उत्तर दिले नाही. ‘विद्यार्थ्याने वेळेत अर्ज भरला नाही’ आणि ‘विद्यार्थ्याने भरला, यंत्राने घेतला नाही’ या दोन विधानांतील निवाडा ही एक ओळ करू शकते.

आता वेळेचा मुद्दा. पुष्कळ सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ लिहितात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून वरील घटना लॉगमध्ये १८:११:०७ अशी दिसू शकते. हे न जाणणारा मनुष्य रात्रीचा अर्ज संध्याकाळचा समजेल. तसेच दोन यंत्रांची घड्याळे पाच मिनिटांनी जरी भिन्न असली, तरी मुदतीच्या रात्री ती पाच मिनिटे कोणाच्या पदरात टाकायची हा प्रश्न उभा राहतो. घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे हे म्हणूनच लॉगव्यवस्थेतील पहिले कर्तव्य मानतात.

एक अर्ज चार-पाच यंत्रांतून जातो : दारावरचे यंत्र, ओळख तपासणारे, कागदपत्रे साठवणारे, माहितीकोश आणि शेवटी संदेश पाठवणारे. प्रत्येकाची रोजकीर्द निराळी. त्या सर्व एका जागी गोळा करणे, ओळीचे भाग वेगळे करणे (वेळ, विनंती क्रमांक, संकेत, कालावधी), त्यांची खतावणी करणे आणि मग विनंती क्रमांक ७४१९ ची संपूर्ण कथा एका पानावर आणणे, यालाच लॉग विश्लेषण म्हणतात. शिवाय बेरीज करता येते : दर मिनिटाला ५ ने सुरू होणारे संकेत किती आले? अकरा वाजता दोन, साडेअकराला चारशे, असा आलेख दिसला, तर दोष एका विद्यार्थ्याचा नाही, हे कोणालाही कळेल.

४. क्लाऊड आणि व्यवस्थापित सेवा

क्लाऊड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक भाड्याने घेणे. त्या इमारती आपल्या राज्यातही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून क्लाऊड सेवा सुरू केली. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई विभाग उघडला आणि २०२२ मध्ये हैदराबाद येथे दुसरा. अ‍ॅमेझॉनच्या एका विभागात परस्परांपासून अंतर राखलेली अनेक केंद्रे असतात. एका केंद्राची वीज गेली किंवा तेथे पाणी शिरले, तरी दुसरे चालू राहावे, हा हेतू.

इलॅस्टिकसर्चसारखे सॉफ्टवेअर स्वतः चालवणे कष्टाचे असते. म्हणून २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते व्यवस्थापित सेवेच्या रूपात देऊ केले. यंत्रे मांडणे, बिघडलेले यंत्र बदलणे, दुरुस्त्या चढवणे, प्रती काढणे ही कामे सेवा देणारी कंपनी करते.

निवासी शाळेतील मंडळींना हे भोजनालयाच्या उदाहरणाने लवकर समजेल. स्वयंपाकाचा ठेका दिला म्हणजे चूल, भांडी, आचारी, गॅस यांची चिंता ठेकेदाराकडे जाते. पण मुले किती, आठवड्याचा आहार कोणता, कोणाला काय वर्ज्य, धान्य किती मागवायचे आणि चव कोणी पाहायची, हे शाळेलाच ठरवावे लागते. ठेका दिल्याने जबाबदारीची विभागणी होते, जबाबदारी संपत नाही. क्लाऊड कंपन्याही आपल्या करारात हेच तत्त्व ‘सामायिक जबाबदारी’ या नावाने मांडतात : इमारत आणि यंत्रे त्यांची, आत ठेवलेली माहिती आणि दाराच्या किल्ल्या तुमच्या.

५. रोजचे कामकाज

या सेवेत अनेक यंत्रांचा एक समूह असतो. त्याला क्लस्टर म्हणतात. समूहातील प्रत्येक यंत्र म्हणजे नोड. मोठ्या खतावणीचे तुकडे करून ते निरनिराळ्या नोडवर ठेवतात. त्या तुकड्याला शार्ड म्हणतात. प्रत्येक शार्डची किमान एक नक्कल दुसऱ्या नोडवर असते. मूळ आणि नक्कल एकाच नोडवर ठेवत नाहीत. हा नियम सॉफ्टवेअर स्वतःच पाळते.

समूहाची प्रकृती तीन रंगांत दिसते. हिरवा : सर्व मूळ शार्ड व सर्व नकला जागेवर. पिवळा : मूळ शार्ड आहेत, काही नकला नाहीत, काम चालू आहे, पण आधार गेलेला आहे. लाल : एखादा मूळ शार्डच उपलब्ध नाही, म्हणजे काही नोंदी या क्षणी सापडणार नाहीत. पिवळ्या रंगाकडे दुर्लक्ष केल्यानेच पुष्कळदा लाल रंग उगवतो.

कोणता शार्ड कोठे आहे, हे ठरवण्यासाठी वेगळे व्यवस्थापक नोड नेमतात. त्यांची संख्या तीन असावी, असा प्रघात आहे. कारण निर्णय बहुमताने होतो. दोनच असतील आणि त्यांच्यातील संपर्क तुटला, तर बहुमत कोणाकडेच उरत नाही. तीन असतील तर एक गेला तरी दोघांचे बहुमत टिकते. बहुमत नसलेल्या नोडला आदेश देण्याचा अधिकार नाही, हा नियम नसता तर एकाच समूहाचे दोन स्वयंघोषित प्रमुख निर्माण झाले असते आणि नोंदी दुभंगल्या असत्या.

जागेचे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे असे आहे. समजा, एका संस्थेच्या सर्व्हरवर रोज २० जीबी लॉग जमतो आणि तो १८० दिवस ठेवायचा आहे. मूळ माहिती ३,६०० जीबी. एक नक्कल धरून ७,२०० जीबी. खतावणीची जागा, यंत्राची स्वतःची गरज आणि मोकळी ठेवावयाची जागा यांसाठी ढोबळमानाने १.४५ ने गुणतात. उत्तर १०,४४० जीबी. हे सर्व वेगवान डिस्कवर ठेवले तर भाडे भारी पडते. परंतु प्रत्यक्षात विचारणा होते ती बहुधा अलीकडच्या दिवसांविषयी. म्हणून १४ दिवसांचा लॉग वेगवान डिस्कवर ठेवतात : २० × १४ × २ × १.४५ म्हणजे ८१२ जीबी. उरलेले १६६ दिवस स्वस्त, संथ साठ्यात टाकतात. तेथे टिकाऊपणाची काळजी साठाच घेत असल्याने वेगळी नक्कल लागत नाही. खतावणीची जागा धरून सुमारे ३,६५२ जीबी पुरतात. या मांडणीला उष्ण, कोमट आणि शीत असे थर म्हणतात. आपल्या शाळेत चालू वर्षाची हजेरी टेबलावर, मागील वर्षांची कपाटात आणि त्याआधीची माळ्यावर असते, तसेच हे आहे.

शार्ड किती मोठा असावा यालाही मर्यादा आहेत. लॉगसाठी ३० ते ५० जीबीचा शार्ड सोयीचा मानतात. वरील उदाहरणात दिवसाला एक शार्ड पुरेसा आहे. उत्साहाने रोज पाच शार्ड केले, तर १८० दिवसांत नकलांसह १,८०० लहान शार्ड होतील आणि प्रत्येकाची देखभाल करण्यातच यंत्राची स्मृती खर्ची पडेल. एक ठेवला तर ३६० होतात. दर दिवसाची नवी खतावणी उघडण्याचा आणखी लाभ हा, की मुदत संपलेली नोंद काढताना जुनी वही उचलून बाजूला करता येते. एकेक ओळ खोडत बसावे लागत नाही.

डिस्क भरत आली की आधी नवे शार्ड येणे थांबते, नंतर नव्या नोंदी घेणेच थांबते. हे घडते ते नेमके गर्दीच्या दिवशी. कारण गर्दीच्या दिवशी लॉगही अनेक पटींनी वाढतो. मुदतीच्या रात्री व्यवस्था कोलमडली आणि त्याच रात्रीचा लॉगही लिहिला गेला नाही, तर नंतर सत्य शोधायला काहीच उरत नाही. म्हणून जागा ७५ टक्के भरताच सूचना यावी आणि ती सूचना वाचणारा मनुष्य नेमलेला असावा. व्यवस्थापित सेवा दर तासाला प्रत काढून ठेवते. परंतु त्या प्रतीवरून समूह पुन्हा उभा करून पाहण्याचा सराव केला नसेल, तर ती प्रत अडचणीच्या वेळी किती उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.

मोठ्या कंपन्यांकडे दिले म्हणजे कधीच खंड पडत नाही, असेही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील एका विभागात दुरुस्ती करताना एक आज्ञा चुकीची टंकली गेली. हेतूपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास थांबली. त्यानंतर कंपनीने एका झटक्यात इतके सर्व्हर काढता येऊ नयेत, असा अटकाव यंत्रणेतच घातला. माणसाला दोष देऊन थांबण्यापेक्षा व्यवस्था सुधारणे अधिक फलदायी असते.

६. मराठीचा प्रश्न

येथपर्यंतचे सर्व जगात सारखे आहे. पुढचा प्रश्न आपला आहे. ‘शाळा’ असे शोधले, तर ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेच्या’, ‘शाळांमध्ये’ या नोंदी सापडतील काय? खतावणी अक्षरशः केली असेल, तर नाही. मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतो आणि त्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. म्हणून प्रत्यय काढून मूळ शब्द ओळखणारी प्रक्रिया लागते. ती फार कठोर असूनही चालत नाही. शेवटचा स्वर सरसकट तोडला, तर ‘माळ’, ‘माळा’ आणि ‘माळी’ हे तीन निराळे शब्द एकाच खात्यात जाऊन पडतील.

लेखनाचे प्रश्न आहेतच. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र एकाहून अधिक प्रकारे टंकलिखित होतो. डोळ्यांना तो सारखा दिसतो, यंत्राला निराळा. ‘आंबेडकर’ आणि ‘अंबेडकर’ हे आपल्याला एकच, यंत्राला दोन. युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर तर यंत्राला मराठी वाटतच नाही. अनेक संस्थांच्या जुन्या स्मरणिका अशाच फॉन्टमध्ये आहेत. त्या छापील प्रतीत वाचता येतात, पण शोधता येत नाहीत.

आपल्या शहराचा अनुभव यात विशेष बोलका आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत काय घडले, कोणी काय सोसले, ते आपल्यातील अनेक कुटुंबांना सांगावे लागत नाही. आता कोणी केवळ आजच्या नावाने शोध घेतला, तर १९९४ पूर्वीची कागदपत्रे निसटतील. केवळ जुन्या नावाने घेतला, तर नंतरची निसटतील. यावर उपाय म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. दोन्ही नावे एकाच खात्याकडे जातील, अशी व्यवस्था शोधयंत्रात करता येते. पण ती यादी यंत्र स्वतः बनवत नाही. इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने ती बनवावी लागते. ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ हे शब्द एका खात्यात घालावेत की निराळे ठेवावेत, हा तांत्रिक निर्णय दिसतो. प्रत्यक्षात तो इतिहासाचा निर्णय आहे.

या क्षेत्रात काम झालेच नाही असे नव्हे. भारतीय भाषांतील शोधाची पारख करण्यासाठी २००८ मध्ये ‘फायर’ या नावाचा संशोधकांचा उपक्रम सुरू झाला. त्यात हिंदी व बंगालीबरोबर मराठीचाही समावेश होता. ही वाट आपल्या विद्यार्थ्यांसाठी खुली आहे. त्यासाठी संगणक जितका यावा लागतो, तितकेच मराठी व्याकरणही यावे लागते.

७. मालकी, सुरक्षा आणि खासगीपणा

जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चच्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरचा मुक्त परवाना बदलण्याचे जाहीर केले. मोठ्या क्लाऊड कंपन्या आपल्या श्रमावर व्यवसाय करतात, अशी तिची तक्रार होती. त्यावर अ‍ॅमेझॉनने शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून ‘ओपनसर्च’ ही वेगळी शाखा काढली आणि त्याच वर्षी आपल्या सेवेचे नावही तसे बदलले. २०२४ मध्ये ओपनसर्चचा कारभार लिनक्स फाऊंडेशनच्या छत्राखाली गेला. दोन बड्या कंपन्यांचा हा वाद होता; तरीही त्यातून एक गोष्ट दिसली. एकदा मुक्त परवान्याने दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. सार्वजनिक संस्थेने साधन निवडताना हे लक्षात ठेवावे.

सुरक्षेचा विचार लॉगपासूनच सुरू होतो. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या लॉग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच गंभीर दोष उघड झाला. विशिष्ट रचनेचा मजकूर नोंदीत लिहिला गेला, की बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर ताबा मिळवता येत असे. रोजकीर्द लिहिणाऱ्याच्या लेखणीतूनच चोर आत यावा, असा तो प्रकार होता. व्यवस्थापित सेवेत अशी दुरुस्ती कंपनी करते, हा तिचा खरा लाभ. परंतु परवलीच्या शब्दाविना उघडा ठेवलेला शोधसमूह कोणतीही कंपनी वाचवू शकत नाही आणि जगभरात माहितीची गळती अशाच उघड्या दारांतून वारंवार झाली आहे.

कायद्याचीही जाणीव हवी. भारताच्या संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. एकीकडे नोंद ठेवा, दुसरीकडे नको ती नोंद ठेवू नका, असा हा दुहेरी आग्रह आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात जात असते, उत्पन्न असते, आधार क्रमांक असतो. दोष शोधण्यासाठी विनंती क्रमांक पुरेसा असताना मुलाची जात लॉगमध्ये कशाला उतरावी? ज्या माहितीमुळे कोणाचा अपमान होऊ शकतो वा कोणाला वगळले जाऊ शकते, ती नोंदीत येण्यापूर्वीच झाकली पाहिजे. आपल्या समाजाला हे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

८. नोंद आणि न्याय

महाडच्या चवदार तळ्याचा खटला आपण सत्याग्रहाच्या अंगाने शिकतो. त्याची कागदोपत्री बाजूही शिकण्यासारखी आहे. १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी दावा दाखल केला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी पुरातन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकरण वर अपिलात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. रूढी पुरातन असल्याचे सिद्ध झाले नाही. ‘असेच चालत आले आहे’ असे म्हणणाऱ्यालाही पुरावा द्यावा लागतो, हे बाबासाहेबांनी जवळजवळ दहा वर्षे चिकाटीने लढून प्रस्थापित केले. तळ्यावर पाऊल टाकण्याचे धैर्य आणि कागद हाती घेऊन युक्तिवाद करण्याची विद्या, दोन्ही त्या लढ्याला लागले.

आजचा अर्ज नाकारणारा अधिकारी ‘संगणकात तसेच दाखवते’ असे म्हणतो, तेव्हा ते वाक्यही तपासण्याजोगे असते. संगणक काय दाखवतो, कोणत्या नोंदीवरून दाखवतो, ती नोंद किती वाजता लिहिली गेली आणि अजून शिल्लक आहे काय, हे विचारता आले पाहिजे. १८० दिवसांच्या मुदतीनंतर नोंद पुसलेली असू शकते. म्हणून तक्रार लेखी आणि लवकर करावी. अर्ज भरताना मिळालेला क्रमांक, पडद्याचे छायाचित्र व वेळ जपून ठेवावी. पालकांसाठी या लेखातील सर्वांत उपयोगी वाक्य कदाचित हेच असेल.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी जे पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथे संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस वर्गात येऊन हे काम प्रत्यक्ष दाखवावे. ओपनसर्च विनामूल्य उतरवून घेता येते आणि साधारण संगणकावरही लहान प्रमाणात चालते. शाळेच्या जुन्या स्मरणिका आणि वार्षिक अहवाल युनिकोडमध्ये आणून त्यांची खतावणी करणे, हा नववी-दहावीच्या मुलांसाठी उत्तम प्रकल्प होईल. त्यात मराठी व्याकरण येईल, गणित येईल, इतिहास येईल आणि आपल्या संस्थेची स्मृती शोधता येण्याजोगी होईल. मात्र विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्यात येऊ नये, एवढी दक्षता घ्यावी.

विचारार्थ प्रश्न

१) रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद सांगून लॉग व शोधसूची यांच्याशी त्यांची तुलना करा.

२) रोज १० जीबी लॉग, ९० दिवसांची मुदत आणि एक नक्कल धरून लागणारी जागा काढा. पहिले ७ दिवसच वेगवान डिस्कवर ठेवले तर तेथे किती जागा लागेल?

३) ‘दाखला’ या शब्दाची सामान्यरूपासह किमान आठ रूपे लिहा. ती एका खात्यात आणण्यासाठी कोणते नियम करावे लागतील?

४) आपल्या गावातील, रस्त्यांतील व संस्थांतील बदललेल्या नावांची यादी करा. प्रत्येक बदलाचे वर्ष घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

५) शिष्यवृत्तीच्या अर्जातील कोणती माहिती लॉगमध्ये असावी आणि कोणती असू नये? कारणांसह लिहा.